रेडिओची कात्री

मी कात्री बोलतेय. न्हाव्याची कात्री, लांब पात्यांची, अंगठ्याच्या कडीपाशी झिजलेली. आम्हाला फक्त कापता येतं असा लोकांचा समज आहे. ऐकताही येतं. माझ्या मालकाच्या हाती पडल्यावर तर ऐकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की आधी मालकाचं तोंड सुरू व्हायचं, मागोमाग मी. कुणाचं लग्न मोडता मोडता जमलं, कुणाच्या म्हशीने कुणाचं वाळत घातलेलं धोतर चघळलं, सगळं मीठमसाला लावून. एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला यायचे. डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. म्हणायचे, "केसांचं राहू दे रे, म्हशीचं काय झालं ते सांग." शेवटी मालक डोकं चोळून द्यायचा, मान कडकन मोडायचा आणि पाठीवर थाप मारायचा, "उठा राजे!"

मग त्याच्या मेहुण्याने परदेशातल्या कामाची खबर आणली. मुलगी शिकायची होती, घरावर पत्रे होते. बायको म्हणाली, "हात चालतील हो तुमचे, पण जीभ चालेल का तिकडे?"

तो हसला. "अगं, केस सगळीकडे सारखेच वाढतात."

मलाही खरं वाटलं ते.

तिकडचं दुकान म्हणजे नुसती काच. भिंतीवर डोक्यांचे फोटो, प्रत्येकाखाली आकडा. गिऱ्हाईक आकड्यावर बोट ठेवायचं. मालक दोन बोटं धरून विचारायचा, 'इतके?' समोरचा मान हलवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. झालं बोलणं. पहिले काही महिने तो माझ्याशीच पुटपुटायचा, "काय गं, याची बायको भांडली वाटतं आज." मग तेही थांबलं.

एकदा एक थकलेला म्हातारा आला. मालकाला कोण आठवलं कुणास ठाऊक. केस झाल्यावर त्याने म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं, चोळलं आणि सवयीने मान वळवली. कडकन आवाज झाला. म्हातारा ओरडून उठला आणि अंगावरच्या कापडासकट दाराकडे धावला. दुकानाचा साहेब आला. तो पुष्कळ बोलला. मालक हसून दाखवत राहिला, कारण दुसरं काही येतच नव्हतं, आणि त्या हसण्याने साहेब आणखी भडकला.

शेजारच्या खुर्चीवर आपल्याकडचाच एक जुना कारागीर होता, सगळे त्याला दादा म्हणत. त्याने सांगितलं, "साहेब म्हणतो, केसांना हात लाव, माणसाला लावू नकोस."

"दादा, मी काय वाईट केलं? सांगा ना त्यांना."

"काय सांगू? मलाही तेवढी भाषा येत नाही रे."

दुसऱ्या दिवसापासून मालक मागच्या खोलीत टॉवेल धुऊ लागला आणि दुकानातले केस झाडू लागला. मी खणात पडून राहिले. मुलीचा फोन यायचा तो ऐकू यायचा. "बाबा, गंमत सांगा ना." तो म्हणायचा, "हं." मग, "जेवलीस का?" मग पुन्हा, "हं."

तीन वर्षांनी सुट्टी मिळाली. घरी माणसांची रीघ लागली. रेडिओ आलाय, आता परदेशातल्या गोष्टी ऐकायच्या! मास्तर तर काठी टेकत आले आणि अंगणातल्या खुर्चीत बसले. मालकाने मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता सुटेल बांध. तो गुपचूप केस कापत राहिला. मास्तरांनी एक-दोनदा डिवचलं. कापून झाल्यावर त्यांनी आपणच डोकं पुढे केलं. मालकाचे हात वर गेले आणि तिथेच थांबले. त्याने ते पँटला पुसले आणि मागे घेतले.

"अरे, चोळ की," मास्तर म्हणाले.

"नको मास्तर. उगाच कुठे दुखलं-बिखलं तर..."

लोक हळूहळू पांगले. आत बायकोने पदर डोळ्यांना लावला. सुट्टी संपायच्या आतच तो म्हणाला, "जातो मी. इथे सगळे बोलायला लावतात."

मला त्याने नेलं नाही. टॉवेल धुवायला कात्री कशाला? आता मी स्वयंपाकघरात असते, दुधाच्या पिशव्या कापते. माझी धार गेली. त्याचे फोन येतात, पण लहान होत चाललेत. परवा मुलीने आईला विचारलं, "बाबा आधीपासूनच असे होते का? मला आता आठवत नाही." आईने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "भाजी बघ, करपेल."

माझ्या मालकासाठी आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तुम्ही कधी परक्या मुलखातून आलेल्या न्हाव्यासमोर खुर्चीत बसलात, तर लगेच डोळे मिटू नका. एखादा शब्द बोला. त्याला कळला नाही तरी चालेल.