एक सवाल जास्त

त्या प्रोग्रामला दोनशे बारा उत्तरं लागायची, आणि तीही प्रत्येक टॉवरसाठी वेगळी. उंची किती? पायांमधलं अंतर किती? खालच्या टप्प्याला लोखंड कोणतं? एखादं उत्तर चुकलं तर मागे फिरायची सोय नव्हती. पहिल्या प्रश्नापासून पुन्हा बसायचं.

सत्त्याऐंशीचा मे महिना होता. सदर भागातल्या भैय्याजींच्या ऑफिसात विजेच्या मोठ्या लाइनींचे टॉवर डिझाइन व्हायचे. दिवाळीत त्यांनी कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यासोबत बंगलोरच्या एका कंपनीचा हा प्रोग्रामही घेतला. कागदावरचा टॉवर वाऱ्यात उभा राहील की वाकेल, हे तो गणित करून सांगायचा. त्याचं जाडजूड पुस्तक ऑफिसात एकटीनंच वाचलं होतं, चारुशीला मेश्रामनं. सव्वीस वर्षांची सिव्हिल इंजिनिअर, जरीपटका वस्तीतून लूनावर यायची.

उत्तरं टाइप करायचं काम चंपतरावांकडे होतं. ते ऑफिसचे टायपिस्ट, पन्नाशीचे. चारुशीला तक्त्यातून आकडे वाचायची आणि ते टकटक दाबत जायचे. ऑफिसातला एकमेव एसी कॉम्प्युटरच्या खोलीत असल्यामुळे चंपतरावांची या कामाबद्दल कधीच तक्रार नव्हती.

बुधवारी भैय्याजी दारातूनच म्हणाले, "मॅडम, भोपाळवाल्या पार्टीले चौसष्ट डिझाइनं पाहिजेत. सोमवारी सकाळी."

"चौसष्ट? एका टॉवरला पस्तीस मिनिटं लागतात हो. नुसतं टाइप करायलाच सदतीस तास होतात."

"अरे, मग एवढा कॉम्प्युटर काहून घेतला आपण? बटन दाबा ना!"

चारुशीला तक्त्याकडे वळली. कोणतं बटन, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

पण बटन नसेल तर तयार करावं, हे मात्र तिच्या डोक्यात राहिलं. गुरुवारी ती बेसिक भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहायला बसली. त्यानं तक्त्यातून एका टॉवरचे आकडे उचलायचे, दोनशे बारा उत्तरांची फाईल बनवायची, कोणी समोर बसून टाइप करतंय अशा थाटात ती मोठ्या प्रोग्रामला द्यायची, निकाल छापून घ्यायचा आणि पुढचा टॉवर सुरू करायचा. माणूस लागणार नव्हता.

चंपतरावांना ते कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सारली. "म्हणजे आता मले बाहेर भट्टीत पाठवून राहिले तुमी."

"तुमचा त्रास वाचतोय, चंपतराव."

"मले कुठं तरास होता?" म्हणत ते बाहेर आपल्या टाइपरायटरवर जाऊन बसले. दिवसभर त्यांच्या पट्ट्या जरा जोरातच आपटत राहिल्या.

पहिल्या खेपेला मोठा प्रोग्राम शेवटच्या पायरीवर बंद पडला. आणखी काही करायचं आहे का, असं तो जाताजाता विचारत होता आणि फाईलमध्ये उत्तर उरलं नव्हतं. तिनं शेवटी एक शून्य घातलं. मग दुसऱ्या टॉवरला त्यानं तेच दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा वैतागून तिनं फाईलच्या शेवटी सरळ दहा शून्यं घालून टाकली. घे मेल्या, हवी तेवढी खा! त्यानंतर तो अडला नाही. शुक्रवारी दोनदा लाइन गेली, दोन्ही वेळा सुरुवातीपासून करावं लागलं. पण शनिवारी दुपारी बारापर्यंत एकतीस टॉवर छापून झाले होते आणि चारुशीला पाय लांब करून मठ्ठा पीत होती.

सहीची पत्रं घेऊन चंपतराव आत आले. थंडाव्यात थोडं थांबायला निमित्त हवं म्हणून ते छापील कागदांच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडायला लागले.

"मॅडम, याचा वारा बदलला का?"

"कोणाचा?"

"हा सतरा नंबर. वाऱ्याचा दाब पंचेचाळीस लिहिला आहे. आपण तर सगळ्याले दीडशे देतो."

तिनं कागद हिसकावलाच. ती फक्त शेवटचं पान बघत होती, वजनाचं. आणि सतरा नंबर बाकीच्यांपेक्षा हलका निघाला म्हणून ती सकाळी खूशही झाली होती. दाब पंचेचाळीस. पंचेचाळीस तर वाऱ्याचा कोन होता, दाबाच्या पुढचं उत्तर. म्हणजे दीडशे मध्येच कोणीतरी गिळलं होतं आणि मागची सगळी उत्तरं एकेक घर पुढे सरकली होती.

"हा एक सवाल जास्त विचारते ना कधी कधी," चंपतराव शांतपणे म्हणाले. "लोखंड फार बारीक दिलं की म्हणते, हे बारीक आहे, तरी पुढं जायचं का? मी एक दाबत होतो."

"हे तुम्ही मला सांगितलं काहून नाही?"

"तुमी विचारलं काहून नाही?"

चारुशीलाला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणावर? पुस्तकात त्या सवालाचा उल्लेख नव्हता. आणि एक उत्तर कमी पडल्यावर प्रोग्राम जिथं ठेचकाळला असता, तिथं तिचीच दहा शून्यं मऊ गादीसारखी अंथरलेली होती.

तिनं बंगलोरला ट्रंक कॉल लावला. पाऊण तासानं लागला.

"तो सवाल बंद करता येत नाही," तिकडचा माणूस म्हणाला. "पण मॅडम, तुमच्या ऑपरेटरनं नुसतं एक दाबायचं."

"ऑपरेटर नाही. दुसरा प्रोग्राम उत्तरं देतोय."

"असं कोणी करत नाही," तो म्हणाला आणि लाइन तुटली.

तिनं पहिल्यांदा ती शून्यं काढली आणि बरोबर लागतील तेवढीच उत्तरं ठेवली. मग छापायचा मजकूर आधी फाईलमध्ये घेतला. आपल्या प्रोग्रामला ती फाईल वाचायला लावली: 'बारीक'ची सूचना दिसली तर त्या जागी एक घाल आणि तोच टॉवर पुन्हा चालव. पुन्हा दिसली तर पुन्हा. सूचना शिल्लक नसेल तेव्हाच छाप.

"आणि तुम्ही इथंच बसा," ती चंपतरावांना म्हणाली. "प्रत्येकाचं पहिलं पान वाचायचं."

रविवारी सकाळपासून दोघं बसले. चौसष्टांपैकी एकोणीस टॉवरांनी जास्तीचा सवाल विचारला, एका पठ्ठ्यानं तर चारदा. चंपतराव पेन्सिलीनं दर आकड्यावर टिक करत गेले. चार वाजता गठ्ठा बांधून झाला.

सोमवारी भोपाळचे साहेब आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "उंची तीन मीटरने वाढली आहे. पत्र मिळालं नाही का?"

भैय्याजींनी कपाळाचा घाम पुसत चारुशीलाकडे पाहिलं. तिनं बांधलेला गठ्ठा बाजूला सारला.

"उद्या दुपारी देते," ती म्हणाली. "पण भैय्याजी, चंपतराव आजपासून आतच बसतील. तपासणीला."

"आणि माझी पत्रं कोण टाइप करीन?"

"तेच. आतमध्ये."

भैय्याजी कुरकुरले, पण पार्टी समोर बसली होती. दुपारी दोघा माणसांनी टेबल आणि टाइपरायटर उचलून एसीच्या खोलीत आणला. कॉम्प्युटरवर टॉवर एकामागून एक सुटायला लागले आणि चंपतराव प्रसन्न चेहऱ्यानं, तिच्या कानापासून हातभर अंतरावर, भैय्याजींचं सहा पानी टेंडर बडवायला बसले.

पाचव्या मिनिटाला चारुशीलाचं डोकं ठणकायला लागलं.