उखळाची जागा

माझी बायको काशी गेली तेव्हा मी काल्हेरला केसरीनाथच्या कारखान्यात लाकूड कातण्याच्या यंत्रावर, लेथवर, पलंगाचा पाय करायला शिकत होतो. माझा मुलगा दीपेश दारात येऊन उभा राहिला. मी लेथ बंद केला. मग तो म्हणाला, "बाबा, आई दळण घेऊन गिरणीवर गेलेली, तिथंच पडली. दवाखान्यात नेईपर्यंत राहिली नाही."

देव्हाऱ्यांवर नक्षी कोरण्यात माझं आयुष्य गेलं. पटाशीवर मोगरी मारून मारून खांदा धरायला लागला, तेव्हा लेथ शिका असं काशीच म्हणाली. दिघाशीच्या आमच्या घराच्या पडवीत लेथ बसवून स्टुडिओ करायचा हेही तिनेच ठरवलं. स्टुडिओ हा शब्द रंजिताचा, आमच्या मुलीचा. काशी म्हणायची, "नाव काय बी ठेवा, पन भुसा माज्या चुलीपर्यंत आला न्हाय पायजे."

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा काल्हेरला जाऊ लागलो. कोरताना लाकूड स्थिर असतं आणि हात चालतो. लेथवर लाकूड फिरतं, हत्यार टेकवून धरायचं असतं. माझा हात ऐकेना. पटाशी आत घुसायची आणि टवका उडायचा.

"राघोदादा, फिरायला मोटर ठेवलीय ना? मग तुम्ही कशाला फिरताय?" केसरीनाथ हसायचा.

हळूहळू हात थांबायला शिकला.

दीपेशने टेम्पोतून एक जुना लेथ आणला. पडवीत चालू केला तर तो थरथरत भिंतीकडे सरकला. त्यावर लावलेलं लाकडाचं वाडगं सुटून अंगणात गेलं. खाली काँक्रीट घालून तो बोल्टने आवळायला हवा होता. उजेडाची जागा एकच, आणि तिथे जमिनीत दगडी उखळ पुरलेलं. वाडीतल्या लग्नांची हळद बाया त्यातच कुटतात.

काशीने सांगून ठेवलं होतं, "उखळ काढा आन मशीन बसवा. हळद मिक्सरवर बी व्हते." पण मलाच ते काढवेना. लेथवर पोतं टाकून ठेवलं. आलेली दोन कामं परत पाठवली.

एक दिवस शेजारच्या ठकुबाई आल्या. उखळाकडे बघून म्हणाल्या, "हे काढल्यावर आमच्या पोरींची हळद काय मोबाइलवर कुटायची?"

"काशीच काढा म्हणाली होती."

"म्हायीत हाय. मला बी बोललेली, 'ठके, त्यांच्याच्यानं काय काढवनार न्हाय, तूच घेऊन जा.' मी माज्या अंगनात जागा केलीय. उद्या पोरं पाठवू?"

मी उखळात पडलेला भुसा हाताने काढला. त्या उभ्याच राहिल्या.

"पाठवा," मी म्हणालो.

सकाळी पहार मीच चालवली. उखळ वाटलं होतं त्याहून खोल होतं. पोरांनी ते दोराने बांधून उचललं. ठकुबाई पुढे चालत त्यांना शिव्या घालत होत्या, सावकाश न्या म्हणून.

सिमेंट आणि खडी अंगणात येऊन पडली आहे. दीपेश रोज विचारतो, काँक्रीट कधी घालायचं. पडवीतला खड्डा अजून भरायचा राहिला आहे.