गोळी आणि गुडघा

"एक-दो-एक! वाकव! अजून वाकव!" पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून सुभेदार खंडेराव ओरडले, आणि सखुबाईंनी वाकत आलेला पाय पुन्हा ताठ करून टाकला.

"मरू दे तो गुडघा," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "नाही व्हायचं माझ्याच्यानं."

गुडघा नवाकोरा होता, दिवाळीनंतर बसवलेला. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं होतं. आता तो वाकवणं हे सखुबाईंचं काम, आणि ते काही केल्या पुढे सरकत नव्हतं. गाझियाबादचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. खाली पार्कात बायका उन्हाला बसून मटार सोलायच्या, त्यांचं हसणं वरपर्यंत यायचं आणि सखुबाई गॅलरीतून नुसत्या बघत राहायच्या. या महिन्यात गुडघा सुटला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग उरलेला जन्म याच गॅलरीत.

खंडेरावांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, ते त्यांनी आताही काढलं.

"पोरी, सीमेवर माझ्या मांडीत गोळी घुसली होती," ते केतकीला म्हणाले. "तशात जोडीदाराला पाठीवर टाकून चौकीपर्यंत आणला. दुखलं? बिल्कुल नाही! मनात आणलं की दुखत नाही माणसाला. आणि ही बघ!"

केतकी ही व्यायाम करून घ्यायला घरी येणारी फिजिओ. जन्म दिल्लीतला, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी सढळ हातानं पडायचं. तिनं ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. सखुबाईंनी मात्र ती बाळंतपणात ऐकली होती, दाढ काढताना ऐकली होती, हात भाजला तेव्हाही ऐकली होती. दर वेळी त्यांना वाटायचं, आपलंच काळीज कच्चं, यांच्यासारख्या माणसाच्या पदरी आपण कुठून पडलो.

"दुखलं नसेल काका, मानते मी," गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवत केतकी म्हणाली. "पण ते मनात आणल्यामुळे नाही हं. ते तुमच्या बॉडीनं केलं."

"म्हणजे?"

"पायातलं दुखणं थेट मेंदूत जात नाही. आधी पाठीच्या कण्यात येतं आणि तिथून त्याचा निरोप वर जातो. पण जिवावर बेतलं ना, की मेंदू वरून ऑर्डर सोडतो आणि तिथेच, कण्यात, शरीर स्वतःची अफू सोडतं. सच में, अफूसारखंच असतं ते! मग निरोप तिथेच अडतो. जान वाचवायची असते, तेव्हा दुखत बसून कसं चालेल?"

"मग हिला का नाही मिळत ती अफू?"

"मिळते ना. सगळ्यांनाच मिळते, पण थोडी थोडी. आणि कोणी असं डोक्यावर उभं राहून ओरडलं, माणूस घाबरला, की रोजचं दुखणं उलट वाढतं."

खंडेरावांनी गोळी लागलेल्या मांडीवरून हात फिरवला.

"म्हणजे मी काहीच केलं नाही म्हण," असं पुटपुटत ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सखुबाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग त्यांना नवऱ्याची पाठ दिसली. एरवी ताठ असणारी ती पाठ चांगलीच वाकली होती. या पोरीनं दोन वाक्यांत म्हाताऱ्याची उभ्या आयुष्याची मिळकत काढून घेतली होती आणि तिच्या ते गावीही नव्हतं.

त्या दिवसापासून घरातली परेड बंद झाली. खंडेराव पेपरात तोंड खुपसून बसायचे. सखुबाई आपल्या आपण पाय वाकवायच्या. दुखायचं म्हणून रडायच्या आणि रडता रडता वाकवायच्या. दोन्ही एकदम करता येतं, हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. केतकी मोजमाप घ्यायची, मान हलवायची, "और थोडा, काकू," म्हणायची. आणि एक दिवस ती म्हणाली, "चलो, उद्यापासून जिना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव दुधाला निघाले. थंडीत त्यांची गोळी लागलेली मांडी आखडायची. मग एक पाऊल नीट पडायचं, दुसरं फरफटत यायचं. जिन्यावरचा तो आवाज सखुबाई वर्षानुवर्षं अंथरुणात पडून ऐकत आल्या होत्या आणि कूस बदलून झोपत आल्या होत्या.

"अहो, थांबा. मी येते."

"वेड लागलंय का? बाहेर धुकं बघ किती आहे."

"असू दे धुकं. जिना तर दिसतोय ना?"

कठडा घट्ट धरून त्या उतरू लागल्या. आधी नवा पाय, मग जुना. पहिल्या वळणावर कळ मस्तकात गेली आणि त्या थांबल्या. दोन पायऱ्या खाली खंडेरावही थांबले.

"एक विचारू?" धाप लागलेल्या आवाजात सखुबाई म्हणाल्या. "गोळी लागली तेव्हा अफू होती. मग रोज सकाळी पाय ओढत दूध आणता, तेव्हा कुठे असते ती?"

खंडेरावांनी हातातली पिशवी उगाच झटकली.

"तेव्हा नसते," ते म्हणाले.

"मग हे कोण करतं? हेही बॉडीच करते का?"

खंडेरावांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा घातला. मग दोन पायऱ्या चढून वर आले आणि दंड पुढे केला. एक-दो-एक म्हणाले नाहीत.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय."

"मलाही दुखतं," खंडेराव म्हणाले. "रोज दुखतं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. सखुबाईंनी कठडा सोडला, त्यांचा दंड धरला आणि नवा पाय खालच्या पायरीवर टाकला.