रविवारी दुखणारा खांदा

"त्याला सांग, मिरचीची बाटली इकडे सरकव," अल्सीद म्हणाला.

बाटली व्हालमोरच्या कोपरापाशी होती. अल्सीदनं जरा हात लांबवला असता तरी ती त्याला मिळाली असती. पण फिलोमीननं नवऱ्याकडे पाहिलं नाही, भावाकडेही नाही. गंबोच्या दाट रश्शाच्या पातेल्यात डाव फिरवत ती म्हणाली, "ऐकलंस ना?"

"काय?" व्हालमोर भात कालवत होता.

"बाटली."

व्हालमोरनं बाटली बहिणीच्या हातात दिली, बहिणीनं ती नवऱ्याच्या हातात दिली.

"आणि त्याला म्हणावं," व्हालमोर म्हणाला, "गेल्या रविवारी दुसऱ्या वाल्ट्झला त्यानं घाई केली."

"त्याला सांग, कानातलं मेण काढून घे. मी घाई केली नाही. तोच मागे रेंगाळत होता."

"सांगितलं," फिलोमीन म्हणाली. "दोघांनाही सांगितलं. आता जेवा."

नऊ वर्षं हे असं चाललं होतं. रविवारी प्रार्थना आटोपली की तिचा नवरा आणि तिचा भाऊ याच टेबलावर समोरासमोर बसायचे, जेवायचे, आपापल्या वाद्याची पेटी उचलायचे आणि एकाच फुटपाथवरून, एक पुढे एक मागे, वस्तीच्या मंडळाच्या हॉलकडे निघायचे. तिथं दुपारच्या नाचाला प्रोफेसर माझुरोंचा बँड वाजायचा. त्यात अल्सीद ट्रम्पेट वाजवी आणि त्याच्या डाव्या हाताला व्हालमोर ट्रॉम्बोन घेऊन बसे.

आमच्या न्यू ऑर्लिन्समध्ये वाजवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. पण सातव्या वॉर्डातली जुनी माणसं सांगतील, या दोघांसारखी जोडी पुन्हा झाली नाही. अल्सीद एखादी ओळ उंच नेऊन अर्ध्यावर सोडून द्यायचा, आणि ती खाली पडायच्या आत व्हालमोरची सरकती नळी तिला झेलायची, खालून अंगाखांद्यावर घ्यायची आणि परत वर पाठवायची. अल्सीद श्वास कुठं घेणार हे व्हालमोरला अल्सीदच्या आधी कळायचं. नाचणाऱ्या बायका मध्येच थांबून ऐकत उभ्या राहायच्या आणि त्यांचे जोडीदार वैतागायचे. गाणं संपलं की दोघं दोन दिशांना तोंड करून आपापल्या वाद्यातलं पाणी झटकायचे.

अबोल्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नसे. व्हालमोर तेव्हा चाळिशीला आला होता. भिंतींना आणि छतांना गिलावा करायचं त्याचं काम होतं, हात बसलेला होता, आणि एवढ्या उशिरा का होईना, त्याचं एका मुलीवर मन बसलं होतं. ओझिलिया तिचं नाव. वरच्या वस्तीतली, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी, रंगानं काळीभोर. आमच्या वॉर्डातली बहुतेक कुटुंबं उजळ वर्णाची, आणि तेव्हा नातं जुळवताना कातडीच्या छटा पाहत. तोंडानं कुणी तसं म्हणत नसे, एवढंच. ईस्टरच्या दिवशी व्हालमोर तिला बहिणीकडे जेवायला घेऊन आला. भर दुपार होती, खिडक्या सताड उघड्या होत्या. अल्सीदनं दोन पेले वाइन घेतली होती. तो बायकोला म्हणाला, "फिलोमीन, दिवा लाव गं. पाहुणी कुठं बसलीय, दिसत नाहीये."

टेबलावरचे दोघंतिघं हसले. ओझिलियानं चमचा ताटलीत ठेवला, जेवण चांगलं झाल्याचं फिलोमीनला सांगितलं आणि ती उठून गेली. व्हालमोर तिच्या मागे दोनदा तिच्या घरापर्यंत गेला. दुसऱ्यांदा ती दारातच म्हणाली, "तुझ्यावर माझा राग नाही. पण जन्मभर त्या टेबलावर बसायचं माझ्यानं होणार नाही." पुढं ती मोबील शहरातल्या एका माणसाशी लग्न करून गेली.

व्हालमोरनं लग्न केलं नाही. अल्सीदशी तो त्या दिवसापासून बोलला नाही. पण बहिणीचं टेबल सोडलं नाही, कारण ती शिक्षा बहिणीला झाली असती. आणि बँडही सोडला नाही. त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दारूबंदी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी व्हालमोरचा खांदा दुखायला लागला.

तसं त्यानंच प्रोफेसरांना सांगितलं. उंच पट्टीत नळी भराभर धावत नाही, तेव्हा दोन-तीन गाणी जरा खाली घेता आली तर बरं. प्रोफेसर माझुरो सत्तरीचे, व्हायोलिन वाजवणारे, जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी कुरकुरत मान्य केलं. मग दोन-तीनची पाच-सहा झाली. शिवाय गाण्याच्या शेवटी, जिथं ट्रम्पेटनं सगळ्यांच्या डोक्यावरून झेप घ्यायची, तिथं व्हालमोर मध्येच उठून उभा राहू लागला आणि मुख्य चाल स्वतःच दणक्यात वाजवू लागला. लोकांना ते आवडलं नाही. म्हाताऱ्याला आता मिरवायची हौस आलीय, असं ते म्हणू लागले.

"त्याला सांग," अल्सीद जेवताना म्हणाला, "माझ्या अंगणात चरू नको. स्वतःचं कुरण नाही का त्याला?"

"ऐकलंस?" फिलोमीन म्हणाली.

"ऐकलं. बरं म्हणावं."

त्या दुपारीही शेवटच्या गाण्याला तो उठलाच.

फिलोमीनला भावाच्या खांद्याची काळजी लागली. एका बुधवारी कापूर घातलेलं तेल आणि डब्यात भात-घेवडा घेऊन ती त्याच्या कामावर गेली. एका विधवेच्या घरातल्या दिवाणखान्याचं छत तो करत होता. परांचीवर उभा राहून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, तो थापी चालवत होता. लांबलचक, एकसंध हात फिरत होता. ती दारात उभी राहून कितीतरी वेळ पाहत राहिली. एकदाही तो खांदा चोळायला थांबला नाही.

"खांदा दुखतोय ना तुझा?" ती खालून म्हणाली.

तो दचकला. मग थापी पुसत म्हणाला, "रविवारी दुखतो."

"व्हालमोर!"

तो खाली उतरला. तेलाची बाटली पाहून किंचित हसला आणि ती तिच्याच पिशवीत परत ठेवली. मग म्हणाला, "त्याचा ओठ गेलाय, फिली."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? वरचा ओठ. इतकी वर्षं तो तोंडावर वाद्य दाबून उंच सूर काढतोय. आतून फाटलंय काहीतरी. मधल्या पट्टीत अजून भागतं. वर गेला की नुसता वारा येतो. गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा ऐकलं. बाकी कुणाला ऐकू यायच्या आत मी वाजवलं."

"त्याला कळलंय?"

"ज्याचा ओठ, त्याला कळणार नाही? कळलंय. कबूल करत नाहीये, इतकंच. तू बोलायचं नाहीस त्याच्याशी. आईची शपथ आहे तुला."

"आणि लोक तुला हसतात ते?"

"हसू देत. मला तोंड लागतं वाजवायला, अब्रू नाही लागत." डबा उघडत तो म्हणाला, "घेवडा मस्त झालेला दिसतोय."

तिनं शपथ पाळली. ती पाळणं किती जड जाणार आहे हे तेव्हा तिला कळलं नव्हतं.

शरद सरता सरता एका रविवारी प्रोफेसर नाच सुरू व्हायच्या आधी हॉलच्या स्वयंपाकघरात आले. फिलोमीन तिथं मंडळाच्या बायकांबरोबर मासे तळत होती. प्रोफेसरांनी व्हालमोरला बोलावून घेतलं होतं. ते हातातली टोपी गोल फिरवत होते.

"व्हालमोर, तू माझ्याकडे किती वर्षं आहेस, मला माहीत आहे. पण तुझ्या एका खांद्यापायी सगळा बँड खाली बसलाय. लोक दुसऱ्या हॉलला जायला लागलेत. मी वरच्या वस्तीतला एक जण पाहिलाय. पुढच्या रविवारपासून तो येईल."

दाराच्या पलीकडे अल्सीद रुमालानं ट्रम्पेट पुसत उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. व्हालमोरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. फिलोमीनच्या हातातला झारा थांबला. व्हालमोर एक वाक्य बोलला असता तरी पुरलं असतं.

"ठीक आहे, प्रोफेसर," व्हालमोर म्हणाला. "एवढा आजचा दिवस वाजवतो."

त्या संध्याकाळी अल्सीदनं कोट खुंटीला लावला आणि म्हणाला, "बरं झालं. खांदा गेला की माणसानं घरी बसावं."

"आणि ओठ गेला की?" फिलोमीनच्या तोंडून निसटलं.

तो गर्रकन वळला. "कुणाचा ओठ?"

तिनं जीभ चावली. "कुणाचाच नाही. मी आपलं उगाच म्हटलं."

तो ट्रम्पेट घेऊन मागच्या अंगणात गेला. तो वाजवेल असं तिला वाटलं. त्यानं वाजवलं नाही. अंजिराच्या झाडाखाली तसाच उभा राहिला, आणि जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाला.

पुढचे दोन रविवार पावसात गेले, नाच झालेच नाहीत. तिसऱ्या रविवारी मंडळाचा वार्षिक नाच होता. हॉल गच्च भरला होता. नवा ट्रॉम्बोनवाला पंचविशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा, हाताचा चपळ. अल्सीदला त्यानं वाकून नमस्कार केला होता, "मी लहानपणी खिडकीखाली उभा राहून तुम्हाला ऐकायचो" असंही म्हणाला होता. प्रोफेसर तर खुशीत होते. "आज सगळं मूळच्या पट्टीत," ते म्हणाले. "लोकांना दाखवू, आपण अजून आहोत ते."

अल्सीद नाही म्हणू शकला असता. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पहिली दोन गाणी निभली. तिसऱ्याच्या शेवटी सगळे वाजवणारे त्याला वाट देऊन मागे सरले. त्यानं ट्रम्पेट उचललं. सूर चढत गेला, चढत गेला, आणि जिथं पोचायचं तिथं फक्त हवा सुटल्याचा आवाज आला. त्यानं डावीकडे पाहिलं. तिथं तो नवा मुलगा नळी मांडीवर ठेवून, डोळे मोठे करून, उत्सुकतेनं त्याच्याकडे पाहत होता. ट्रम्पेट वर जातंय तेव्हा मध्ये वाजवायचं नसतं, हे तो बरोबर शिकला होता.

अल्सीदनं पुन्हा फुंकलं. सूर फाटला. लहान मूल रडावं तसा काहीतरी आवाज झाला. नाचणारी पावलं घोटाळली. कुणीतरी मागे हसलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. अल्सीदनं तिसऱ्यांदाही प्रयत्न केला. मग प्रोफेसरांनी घाईघाईनं व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि गाणं कसंबसं बंद केलं. अल्सीद खुर्चीत बसला. हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला होता, तो त्याला जाणवतच नव्हता.

घरी आल्यावर फिलोमीन ओल्या फडक्यानं त्याचा ओठ टिपत होती तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं.

"कुठला खांदा दुखत होता त्याचा?"

ती मनगट सोडवू लागली.

"मी विचारतोय, फिलोमीन. उजवा की डावा?"

"कुठलाच नाही."

त्यानं मनगट सोडलं. फडकं स्वतःच ओठावर धरून म्हणाला, "सगळ्यांसमोर म्हातारा ठरला तो. आणि मी इथं बसून त्याला माझ्या अंगणात चरतोस म्हणालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. फिलोमीनला वाटलं, प्रोफेसरांकडे गेला असेल. तो गेला होता व्हालमोरच्या कामावर. पाद्रीबाबांच्या घरातल्या मोठ्या खोलीचं छत चाललं होतं. व्हालमोर परांचीवर होता. अल्सीद खाली येऊन उभा राहिला, टोपी काढली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलला.

"व्हालमोर. त्या मुलीच्या बाबतीत मी..."

"तिचं नाव काढू नकोस."

"मला नुसतं इतकंच..."

"नको काढूस म्हटलं ना." व्हालमोर छताकडेच पाहत होता. "आणि मी तुला माफ केलंय अशा भ्रमात राहू नकोस. मी जे केलं ते तुझ्यासाठी नव्हतं. तू वरून टाकतोस म्हणून मी खालून झेलतो. तू टाकायचा थांबलास तर मी तरी काय करायचं होतं? तेवढ्यासाठी होतं ते. आता तेही संपलं. जा घरी."

अल्सीद गेला नाही. खाली घमेल्यात चुना कालवून ठेवलेला होता आणि तो घट्ट होत चालला होता. त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या मागे सारल्या, घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि डोक्यावर धरलं. व्हालमोर छतावर थापी फिरवत राहिला. पण कालवलेला चुना वाट बघत नाही. शेवटी तो वाकला आणि त्यानं घमेलं घेतलं.

"पातळ कालव पुढचं," तो म्हणाला. "आणि हातांना आधी तेल लाव, नाहीतर सोलून निघतील."

दुपारी फिलोमीन भावाचा डबा घेऊन आली तेव्हा दोघं जेवायला थांबले होते. व्हालमोर परांचीच्या सगळ्यात खालच्या फळीवर पाय सोडून बसला होता, अल्सीद खाली उलट्या बादलीवर. तिनं एकाच माणसाचं जेवण आणलं होतं. तिनं डबा दोघांत ठेवला आणि लांबट पाव मधोमध मोडून दिला.

अल्सीदनं एक घास घेतला आणि त्याचा चेहरा पिळवटला. कडक कवच सुजलेल्या ओठाला लागलं होतं. त्यानं पाव गुपचूप गुडघ्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला, जणू पोट भरलंय.

व्हालमोरनं आपल्या वाट्याचा पाव उघडला. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी नाही, खिशातल्या सुरीच्या टोकानं, त्यानं आतला मऊ गाभा सबंध काढला, डब्याच्या झाकणात ठेवला आणि झाकण पायानं बादलीकडे सरकवलं. अल्सीदकडे त्यानं पाहिलं नाही. मग उरलेलं कडक कवच तो एकटाच चावत बसला. त्या रिकाम्या खोलीत तेवढाच आवाज होता.