ढकलून सोडू ये

पेंटरने कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून वाघिणीच्या कुशीवरून फिरवला, तेव्हा दुकानातला चकचकीत निळा रंग एका पुसण्यात निघून आला. वाघीण वीतभर लांबीची होती. खऱ्या मालगाडीच्या डब्यालाही यार्डात वाघीणच म्हणत, आणि तसल्या वाघिणींच्या अंगावर एकतीस वर्षं अक्षरं काढूनही एकीनेही पंजा उगारला नाही, हा त्याचा ठरलेला विनोद होता.

ही धाकटी वाघीण दातांच्या डॉक्टरांची. दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्यांनी जुनं यार्ड जसंच्या तसं मांडायला घेतलं होतं. बोटभर रुंदीचे रूळ, काडेपेटीएवढी केबिन आणि त्या यार्डात खरोखर येऊन गेलेली एकेक वाघीण. डबे विकत मिळत, पण भलत्याच रंगाचे, भलत्याच अक्षरांचे. तो रंग उतरवायचा, तांबूस अस्तर द्यायचं, मग भिंगाखाली तीन केसांच्या ब्रशने पांढरी अक्षरं काढायची, हे काम निवृत्त पेंटरकडे आलं होतं. ओल्या कागदावरून सरकवून चिकटवायची छापील अक्षरंही मिळतात, असं डॉक्टर सुरुवातीला भीत भीत म्हणाले होते. ती कवळी झाली, पेंटरने ऐकवलं, माझ्याकडे दात उगवतात. त्याची मात्रा लाखात ओळखू यायची. वर जाऊन ती टोकाला किंचित उलटी वळे. असा काटा दुसऱ्या कुणाच्या हातून उतरत नाही, हे तो स्वतःच सांगत फिरे, आणि ते खरंही होतं.

आज वाघिणीबरोबर एक पाकीटही आलं होतं. त्यात जुना फोटो आणि चिठ्ठी होती. काचेची तावदानं नेणारी ती प्रसिद्ध वाघीण करायची आहे, डॉक्टरांनी लिहिलं होतं. काचव्यापाऱ्याची मुलगी दात दाखवायला आली, तिच्या घरी हा फोटो सापडला. कुशीवरची सूचना फोटोत आहे तशीच, चुकीसकट, काढावी.

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो न बघताच त्याने पालथा टाकला आणि फोन लावला.

“चुकीसकट म्हणजे काय, डॉक्टर?”

“काका, तीच तर गंमत आहे. यार्डातले लोक अजून सांगतात ती गोष्ट.”

“गंमत तुम्हाला. दुसऱ्याची चूक मी माझ्या हातानं काढणार नाही.”

गोष्ट खरोखरच यार्डात सगळ्यांना पाठ होती. इंजिनाने वाघीण ढकलून मोकळी सोडली, की ती आपल्या वेगाने जाऊन पुढच्या डब्यांवर आदळते. आत काच असेल तर संपलंच. म्हणून अशा वाघिणीच्या दोन्ही कुशींवर लिहायचं, ‘ढकलून सोडू नये’. बावीस वर्षांपूर्वी एका कुशीवर ‘न’ गळाला आणि ‘ढकलून सोडू ये’ एवढं राहिलं. यार्डातल्यांना ते आमंत्रण वाटलं की त्यांनी नीट वाचलंच नाही, कोण जाणे. वाघीण ढकलली गेली आणि आतल्या काचेचा भुगा झाला.

ती वाघीण दोघांनी रंगवली होती. एक कूस पेंटरने, दुसरी त्याच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने. कोण कुठल्या बाजूला होतं, याची कुठे नोंद नव्हती. अब्रू झाकायला फोरमनने त्याच संध्याकाळी मेहुण्याला हाताशी धरून दोन्ही कुशींवरची अक्षरं खरवडून घेतली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. मी शेडच्या बाजूला होतो, चूक पलीकडच्या कुशीवर आहे, असं पेंटरने छातीठोकपणे सांगितलं. त्याला तसंच आठवत होतं. मेहुणा एवढंच म्हणाला, मला आठवत नाही. ज्याला आठवत नाही त्याचीच चूक, असं साहेबांनी ठरवून टाकलं. मेहुण्याच्या हातातला ब्रश गेला आणि निवृत्त होईपर्यंत तो गंज घासत राहिला.

पेंटरला राग होता तो वेगळाच. आपल्या शब्दावर नोकरीला लागलेला हा माणूस, आपल्या नावाला बट्टा लावतो आणि एकदाही चूक झाली म्हणत नाही. त्याने मेहुण्याचं नावच टाकलं. तेव्हापासून घरात ‘तुझा भाऊ’ एवढाच उल्लेख. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा बायको एकटीच जाऊन आली.

फोनवरचा आवाज ऐकून ती दाराशी येऊन उभी राहिली होती.

“तुझ्या भावाची करणी माझ्या टेबलावर आलीय,” तो म्हणाला.

“फोटो बघितलात?”

“काय बघायचंय त्यात?”

“बघितलात का, एवढंच विचारलं.” ती आत गेली.

बघतोच, म्हणून त्याने दिवा जवळ ओढला. त्या हातात किती गबाळेपणा होता हे डॉक्टरांना मुद्द्यानिशी दाखवून द्यायचं, असं त्याच्या मनात होतं. फोटो त्याच दुपारचा, अक्षरं खरवडण्याआधीचा होता. त्यात काचव्यापारी फुटकी पेटी घेऊन उभा होता आणि त्याच्या खांद्यामागे अक्षरं दिसत होती. पेंटरने भिंग धरलं. अक्षरं गबाळी नव्हती. अंतरं सारखी, उभ्या रेघा सरळ. मग ‘ये’ आला. त्याची मात्रा वर गेली होती आणि टोकाला किंचित उलटी वळली होती.

त्याने भिंग सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा धरलं. फोटोवर कचरा असेल म्हणून काट्यावरून नख फिरवलं. काटा हलला नाही. त्याने फळीवरची एक तयार वाघीण काढली, तिच्यावरचं ‘रिकामे वजन’ फोटोशेजारी ठेवलं आणि दोन्ही मात्रा किती तरी वेळ बघितल्या. राग होता तसाच होता, फक्त तो कुणावर काढायचा ते आता कळेना.

अस्तर देऊन ते वाळेपर्यंत तो जागचा उठला नाही. मग तीन केसांचा ब्रश घेऊन त्याने ‘ढकलून सोडू’ काढलं. पुढे हात सवयीने ‘न’कडे निघाला, तो त्याने मनगट धरून थांबवला. ‘ये’ काढला. काटा आपसूक आला.

“दादा घरी असेल का गं आत्ता?” त्याने विचारलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. बावीस वर्षांत त्याच्या तोंडून ‘दादा’ निघालं नव्हतं.

“असेल.”

“हे दाखवून येतो त्याला. फोटोही नेतो. बारीक दिसतं का त्याला अजून? भिंग घेऊ बरोबर?”

ती फडक्याला हात पुसत बाहेर आली. टेबलाशी वाकून तिने वाघिणीवरचं वाचलं.

“भिंग कशाला? ती अक्षरं खरवडली कुणी? हातभरावरून बघितलीत त्यानं.”

पेंटरने हातातला ब्रश थिनरमध्ये ठेवला. मग तेव्हाच का बोलला नाही, असं त्याने कसंबसं विचारलं.

“मला म्हणाला, तुझा संसार आहे. आणि शपथ घातली, यांना सांगायचं नाही.” तिचा आवाज चढला नव्हता, पण फडक्याला पीळ पडत होता. “बावीस वर्षं वाट बघतेय मी. लाखात ओळखू येते म्हणता ना तुमची मात्रा?”

चल, दोघं जाऊ, एवढंच तो म्हणाला.

“एकटे जा. मी एकटीच जात आले.”

रंग सुकायला अजून तासभर होता. पेंटरने बूट घातले आणि तो वाघिणीपाशी बसून राहिला.