हिची काळजीच नाही

घरात एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: धाकटीची काळजीच नाही. बाबा दिवसभर लिफ्ट दुरुस्त करत शहरभर फिरायचे, आई शिवणयंत्रावर वाकलेली असायची, दादा-वहिनीचं बाळ अजून तान्हं होतं. त्यामुळे शाळेच्या शेवटच्या वर्षी कुठल्या कॉलेजांत अर्ज करायचे, हे धाकटीने एकटीनेच ठरवलं.

शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी तिचे गुण आणि तिने लिहून आणलेली तीन कॉलेजांची यादी पाहिली. "दुसरं कॉलेज होईल किंवा होणारही नाही. तिसरं नक्की. सगळ्यात वरचं मात्र अवघड गं."

"अवघड म्हणजे किती?"

"आपल्याकडून आजवर एकच मुलगी तिथे गेली. तिलाच जाऊन विचार. हल्ली मामाच्या चष्म्याच्या दुकानात बसते."

तिथे गेलेली मुलगी दुकानात कशी, हे धाकटीला कळेना. तरी ती गेली.

काउंटरमागे ती ताई बारीकशा स्क्रू-ड्रायव्हरने फ्रेमची दांडी घट्ट करत होती. गुण, प्रवेशचाचणीचा निकाल, वादविवादाचं बक्षीस, धाकटीने सगळं धडाधडा सांगून टाकलं.

"माझ्यापेक्षा चांगले आहेत गुण," ताई म्हणाली. "मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातेस?"

धाकटी गडबडली. "एकटीच. वाचत वाचत."

"मैत्रीण नाही?"

"होती. तिला आता दुसऱ्या मुली मिळाल्या."

ताईने फ्रेम खाली ठेवली. "मी दीड वर्ष टिकले. अभ्यास नाही गं जड गेला, रविवार जड गेले. खोलीचं दार कोणी ठोठावायचंच नाही. घरी फोन केला की म्हणायचे, तुला काय धाड भरलीय, तू हुशार!"

"मग अर्ज नको करू?"

"तसं कुठे म्हटलं मी? कर की. फक्त हिशेब मांडताना हेही धर."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि ताई काचा दाखवायला उठली.

धाकटीने तिन्हीकडे अर्ज केले. वरच्या कॉलेजचा नकार आधी आला. तो तिने कोणाला सांगितला नाही, कोणी विचारलंही नाही. काही दिवसांनी दुसऱ्याचा होकार आला, वसतिगृहातल्या खोलीसकट.

"मला ठाऊकच होतं!" बाबांनी तिची पाठ थोपटली. आईने तिला जवळ घेतलं, पण गिऱ्हाइकाचा झगा संध्याकाळी द्यायचा होता. शिवणयंत्र पुन्हा खडखडू लागलं. दादाला पार्टी हवी होती. मग जो तो आपापल्या कामाला लागला आणि धाकटी स्वयंपाकघराच्या दारात नुसतीच उभी राहिली.

आतल्या खोलीत वहिनी बाळाला मांडीवर थोपटत होती.

"तिकडे ओळखीचं कोणी आहे का गं?" तिने हळूच विचारलं.

"कोणीच नाही."

"मीही आले तेव्हा इथे कोणी नव्हतं. पहिले काही महिने न्हाणीघरात नळ सोडून रडायचे."

धाकटी बघतच राहिली. त्या दिवसांत तीही याच घरात होती. "मला कधी कळलंच नाही."

"तुला अभ्यास असायचा ना," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

तिने पलंगावरचे बाळाचे कपडे बाजूला सारले. धाकटी तिच्याशेजारी जाऊन बसली. बाळ झोपलं. मग धाकटी म्हणाली, "वहिनी, मला भीती वाटतेय."

"सांग," वहिनी म्हणाली.