कुलूपराव भिंत फोडतात

फेरी

कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघतो तो शहाणा. दोनदा ओढतो तो काळजीखोर. आणि कुलूप लावून, ओढून, चार पावलं जाऊन, परत येऊन पुन्हा ओढणारा, मग जिन्यात पोचल्यावर तिथूनच मान वळवून कुलपाकडे डोळे वटारणारा, अशा माणसाचं बिगारी दुसरं काय नाव ठेवणार? कुलूपराव. नाव चिकटलं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

इमारत तीन मजल्यांची. अजून अंगावर गिलावा नव्हता, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. पुढे पत्र्याचं फाटक, मागे पत्र्याचं गोदाम. या दोहोंच्या मध्ये पहारेकरी कुलूपराव हिंडत. फाटक ते गोदाम, गोदाम ते गच्ची, गच्चीवरून खाली बघून परत फाटक. बसायला खुर्ची दिली होती, तिच्यावर त्यांचा डबा बसे.

गोदामाच्या किल्ल्या दोन. एक गोदाम सांभाळणाऱ्याकडे. दुसरी, आगबिग लागली तर असावी म्हणून, कुलूपरावांच्या कमरेला. आणि गोदाम सांभाळणारा त्यांचा जावई.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लेकीने नवऱ्याचं डोकं खाऊन वडिलांना ही नोकरी मिळवून दिली होती. घरी जावई आला की उठून जागा द्यायची, आणि इथे संध्याकाळी तोच जावई फाटकातून बाहेर पडताना त्याची पिशवी तपासायची. कुलूपराव तपासत. पण हात पिशवीत आणि नजर आभाळात.

"काय मामा, विमान शोधताय?" जावई विचारायचा. सासऱ्याला तो मामाच म्हणायचा.

"तपासतोय हो. काम आहे ते," असं म्हणून मामा पिशवी परत करायचे, आणि

तीच फेरी, मागच्या बाजूने

आणि मनातली गोष्ट मनात ठेवायचे.

गोष्ट अशी. मागच्या महिन्यात गोदामातून वायरची बंडलं गेली. कुलूप जागच्या जागी, मागचा पत्रा मात्र कापलेला. सगळे म्हणाले, बाहेरच्यांचं काम. कुलूपराव एकटे खाली वाकले आणि त्यांनी पत्र्याची कड बघितली. कड बाहेरच्या बाजूला वळलेली होती. बाहेरून कापून आत शिरला असता तर पत्रा आत दबला असता. म्हणजे कापणारा आत होता. आत जायला किल्ली लागते. किल्ल्या दोन, त्यातली एक आपल्या कमरेला.

पुढचा हिशोब त्यांनी केलाच नाही. म्हणजे केला, पण उत्तर आल्याबरोबर पुसून टाकला. पुसलेलं उत्तर रोज पुन्हा उमटायचं.

बोलावं तर लेकीचा संसार मोडतो. न बोलावं तर झोप मोडते. कुलूपरावांनी झोप मोडू दिली.

आणि एक उपाय काढला. संध्याकाळी सगळे गेले की ते आपल्या किल्लीने गोदाम उघडायचे, त्यातला सगळ्यात भारी माल काढायचे आणि इमारतीत कुठेतरी दडवायचे. कधी रिकाम्या टाकीत, कधी फळ्यांच्या ढिगाखाली, कधी जिन्याच्या पोटात. सकाळी जावई यायच्या आत माल पुन्हा जागेवर. आज इथे, उद्या तिथे, म्हणजे कोणी पाळत ठेवली तरी पत्ता लागू नये. चोराचा मुद्देमाल लपवतात हे ऐकलं होतं. यांनी चोरी व्हायच्या आधीच जावयाचा मुद्देमाल लपवायला घेतला. जावयाला मोह होऊ नये, झालाच तर हाताला काही लागू नये, म्हणजे तो सापडणार नाही, म्हणजे लेक सुखात राहील. सरळ गणित. भिंती तेवढ्या सरळ नसतात.

चुकलेली फेरी

त्या आठवड्यात न्हाणीघरांचे नळ आणि शॉवर आले. खोकी चार. एक उघडून बघितलं तर आत नळ कसले, दागिनेच! त्या संध्याकाळी कुलूपरावांनी चारही खोकी डक्टमध्ये ठेवली. डक्ट म्हणजे पाइप वरून खाली न्यायला मजल्यामजल्यावर सोडलेली अरुंद पोकळी, माणूस आडवा घुसेल एवढी, अजून दर मजल्यावर फळ्या टाकून झाकलेली. वर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकल्या. छान झाकलं.

सकाळी खोकी काढायला निघाले, तोच वाळूचा ट्रक फाटकात रुतला.

"मागे घे! मागे! अरे, खांबाला लागतोय!"

"मागे काय घे, मामा, चाक फिरतंय जागेवर!"

चाकाखाली विटा टाकल्या, फळ्या टाकल्या, दहा जणांनी दहा सल्ले टाकले. फाटक उघडं ठेवून पहारेकऱ्याला हलता येईना. ट्रक निघाला तेव्हा ऊन चढलं होतं आणि जावई कधीच येऊन गोदामात बसला होता. ठीक आहे, कुलूपराव स्वतःला म्हणाले, तो जेवायला उठेल तेव्हा. ते फाटकापाशी गेले, तिथून गोदामापाशी, परत फाटकापाशी. डब्याखालची खुर्ची सरळ केली. डबा सरळ केला.

तेवढ्यात प्लंबर आला, शीळ घालत.

"द्या हो नळ, आज बिल्डिंगला आंघोळ घालतो."

जावई आत गेला. खूप वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा रिकाम्या हाताने.

"खोकी?" प्लंबर म्हणाला.

"इथेच होती."

"होती ती भूतकाळात. मला आत्ता पाहिजेत."

फेरी नाही, गर्दी

इंजिनिअर मॅडम आल्या. हेल्मेट काखेत, कपाळावर त्याचा वळ. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून लोक जास्त घाबरत.

"कुलूप तुटलंय?"

"नाही," जावई म्हणाला.

"पत्रा?"

"शाबूत आहे."

"मग किल्लीने उघडलंय. किल्ली कोणाकडे असते?"

जावयाने एकवार सासऱ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मग मान खाली घातली. "माझ्याकडे."

"दुसरी असते ना एक?"

"ती आगीसाठी आहे," जावई घाईने म्हणाला. "ती कोणी वापरत नाही. जे काय झालं असेल ते माझ्या हातून झालंय."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "वायर पण पचली वाटतं याला." दुसरा हसला. जावयाचे कान लाल झाले.

"मालक जेवणानंतर येतायत," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या आत खोकी आली नाहीत तर मी पोलिसांना बोलावणार. तोवर तुम्ही इथून हलायचं नाही."

कुलूपरावांनी तोंड उघडलं. आत शब्द तयार होते. पण ते बाहेर आले की पाठोपाठ दुसरे येणार. मी ठेवली. का ठेवली? कोणापासून ठेवली? ते तिसरं वाक्य चारचौघांत उच्चारायचं म्हणजे जावयाला आपल्या हातांनी पोलिसांच्या गाडीत बसवायचं. त्यांनी तोंड मिटलं. त्यापेक्षा गुपचूप खोकी आणू आणि सापडली म्हणू. पहारेकऱ्याला नाही सापडणार तर कोणाला?

ते जिन्याकडे निघाले. आधी चालत. मग

धाव

तिसऱ्या मजल्यावर, जिथे डक्टचं तोंड होतं तिथे, भिंत होती.

ओली, नवी, अर्ध्या विटेची भिंत. समोर गवंडी थापी पुसत बसला होता.

"हे काय?"

"भिंत," गवंडी म्हणाला. "तुम्हाला काय वाटलं, पडदा?"

"आत काय होतं?"

"गोण्या. राहू दिल्या आतच. डक्टात कोण डोकावतंय?"

"आणि खालच्या मजल्यांवर?"

"तिन्ही भिंती बांधल्या. मॅडम म्हणाल्या आज उरकायच्या, उरकल्या."

"तिथेही गोण्या होत्या?"

"मामा, या साइटवर गोण्या कुठे नाहीत?"

आणि तेव्हा कुलूपरावांच्या लक्षात आलं की खोकी कोणत्या मजल्यावर ठेवली ते त्यांना आठवत नाही. काल तिसरा की परवा तिसरा? परवा टाकी होती. नाही, टाकी त्याच्या आदल्या दिवशी. काल चढताना गुडघा कुरकुरला होता, म्हणजे तिसराच. पण गुडघा तर पहिल्या पायरीलाही कुरकुरतो. इतक्या जागा बदलल्या होत्या की चोराला काही कळायची सोयच नव्हती, आणि आता लपवणाऱ्यालाही कळायची नव्हती. स्वतःच्याच डोक्याला त्यांनी कुलूप घातलं होतं.

"हातोडा दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना!"

पहिल्या घावाला गवंडी नुसता बघत राहिला. दुसऱ्या घावाला किंचाळला. "अहो, वेड लागलं का? सिमेंट ओलं आहे अजून!" विटा सुटून आत पडल्या. कुलूपरावांनी हात घातला. गोणी, गोणी, गोणी, फुटकं घमेलं, गोणी. संपलं.

दुसऱ्या मजल्याकडे उतरताना त्यांच्या मागे गवंडी, गवंड्यामागे प्लंबर, प्लंबरमागे निम्मी साइट.

"अरे, धरा त्यांना! सकाळी बांधायला हाताशी कोणी नव्हतं, आता फोडायला पहारेकरी!" गवंडी ओरडत होता.

दुसऱ्या भिंतीवर घाव बसला तेव्हा मॅडम पोचल्या होत्या. त्यांच्यामागे जावई. मॅडमनी कुलूपरावांचा दंड धरला.

"मामा, तुम्हाला राखायला ठेवलंय की पाडायला?"

हातोडा वर होता. तो खाली आला नाही, आणि वरही राहीना. घामाने डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"आत आहेत," कुलूपराव म्हणाले. "नळ. मी ठेवलेत. यांनी काही केलेलं नाही. रोज मीच काढतो, मीच ठेवतो. आज राहून गेलं."

जावई पुढे झाला. त्याने हातोडा घेतला नाही. ओल्या विटा हातांनीच एकेक काढून खाली रचल्या, आत वाकला, गोण्या ओढल्या. पहिलं खोकं बाहेर आलं. मग बाकीची. एकाचा पुठ्ठा भिजला होता. आतला नळ तसाच चकचकीत.

"का पण?" मॅडमनी विचारलं.

"चोरांची भीती."

"गोदामाला कुलूप आहे की."

"कुलपाचा काय भरवसा, मॅडम?"

पूर्ण मजला हसला. कुलूपराव म्हणतायत कुलपाचा काय भरवसा! प्लंबर तर खाली बसला. मॅडमच्याही ओठाचा कोपरा हलला. हसण्याने हवा मोकळी झाली. एक जावई तेवढा हसला नाही.

"चोरी नाही, हे दिसतंय मला," मॅडम म्हणाल्या. "पण पहारेकऱ्याने माल हलवायचा नसतो, आणि भिंतीला तर हात लावायचाच नसतो. उद्यापासून येऊ नका, मामा. किल्ली द्या."

कमरेची किल्ली सुटता सुटेना. जावयाने पुढे होऊन गाठ सोडवली.

जिना, मधोमध

लोक कामाला लागले. वर गवंडी तीच भिंत पुन्हा बांधत शिव्या घालत होता, त्या सरळ खाली येत होत्या. जिन्याच्या वळणावर जावई खोकी टेकवून उभा राहिला.

"कोणत्या चोरांची भीती, मामा?"

कुलूपराव कमरेला नसलेली किल्ली चाचपत राहिले.

"रोज मी यायच्या आत परत ठेवायचात. म्हणजे लपवायचात ते माझ्यापासून."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "पत्र्याची कड," ते म्हणाले. "बाहेर वळली होती. आतून कापल्यासारखी."

एक कोरडं हसू जावयाच्या तोंडातून निसटलं. "ती मी वाकवली. सकाळी कुलूप उघडून आत गेलो, तर मागे भोक. कुठून पळाले बघायला तिथूनच रांगत बाहेर पडलो. शर्ट फाटला माझा. तुमच्या लेकीने शिवून दिला, विचारा तिला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"विचारलं कोणी?"

कुलूपरावांनी जिन्याचा कठडा धरायला हात टाकला. कठडा अजून बसवला नव्हता. जावयाने त्यांना सावरलं.

"आणि माझं ऐका," तो हात न सोडता म्हणाला. "एकदा डबा विसरलो म्हणून संध्याकाळी परत आलो होतो. तुम्ही गोदामातून खोकं उचलून नेताना बघितलं. सकाळी बघतो तर सगळं जागेवर. मला वाटलं, सराव चाललाय. आज नळ गेले तेव्हा म्हटलं, झालं. केलं मामांनी."

"म्हणून तुम्ही सगळं अंगावर घेतलं?"

"मग काय करणार होतो? तुमच्या लेकीला सांगणार होतो?"

एवढे दिवस दोघं एका ताटाशेजारी दुसरं ताट लावून जेवले होते. एकमेकांना भाजी वाढली होती. आणि दोघांनीही घास गिळताना समोरचा चोर आहे असंच धरलं होतं, प्रेमाने.

"मग वायर कोणी नेली?" कुलूपराव म्हणाले.

खालून बिगारी वाळूची घमेली घेऊन चढत होते. त्यांतल्या एकाने वाट मागितली. दोघं भिंतीला टेकले. तो गेल्यावर दोघांनीही त्याच्या पाठीकडे बघितलं, मग एकमेकांकडे, आणि दोघांनाही लाज वाटली.

जावयाच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून बघितला.

"तुमची लेकच आहे. कोणीतरी सांगितलेलं दिसतंय."

"काय सांगायचं?"

"नळांचं सांगा. भिंतीचंही सांगा, हसेल ती."

"आणि पत्र्याचं?"

"त्यातलं तुमचं तुमच्याकडे राहू दे, माझं माझ्याकडे." जावयाने खोकी उचलली, आणि फोन सासऱ्याच्या हातात दिला. "तुम्हीच बोला. माझे हात भरलेत."

फोन वाजतच होता. कुलूपराव एक पायरी उतरले, एक पायरी चढले, पुन्हा उतरले. मग त्यांनी तो कानाला लावला, आणि नळांपासून सुरुवात केली.